दुसऱ्यात ओरडते, तिसऱ्यात रडते

“तुझी गाडी दुसऱ्यात ओरडते आणि तिसऱ्यात रडते रे,” आत्या मागच्या सीटवरून म्हणाली.

आत्याला गाडी चालवता येत नाही. पण लग्न होऊन महेश्वरला गेल्यापासून इंदूरच्या माहेरी येताना तिने जाम घाट इतक्या वेळा चढलाय, की ड्रायव्हर कुठे गिअर पाडणार हे तिला आधी कळतं. निमाडातून माळव्यावर यायचा हा जुना रस्ता. वर घाटमाथ्यावर अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधवलेला जाम दरवाजा आहे. तिथे पोचलं की उन्हाळ्यातही वारा बदलतो आणि इंदूरची माणसं खाली बघत म्हणतात, “आलो बाबा घरी!” घर अजून दीड तासावर असतं तरी.

त्या दिवशी गाडीत मी, बायको, बाबा आणि आत्या, डिकीत बेडियाच्या लाल मिरचीचं पोतं आणि नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन. गाडी माझी एस्टीम, २००४ची. चढावर दुसऱ्यात टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं (आरपीएम) ते दाखवणारा काटा, साडेचार हजारांवर जायचा, आवाज असा की समोरचा ट्रकवाला आरशात बघायचा. म्हणून तिसरा टाकला की काटा धपकन तीन हजारांवर यायचा, पुढच्या वळणावर अडीच, आणि मग गाडी अशी काही कुंथायला लागायची की पुन्हा दुसरा. घाटभर हेच. मागून एक पिटुकली हॅचबॅक आली, आत चार पोरं, गाणी लावलेली, आणि चढावर आम्हाला ओलांडून गेली. त्यातल्या एकाने हात हलवला. चांगल्या मनानेच हलवला असेल. पण त्रेपन्नाव्या वर्षी असला हात दिसला की माणूस घरी जाऊन इंजिनाचे सुटे भाग शोधायला लागतो.

मी शोधायला लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना बाबांना सांगितलं, “गाडीला ताकद द्यायची म्हणतोय.”

बाबांनी जीरावण भुरभुरलं आणि विचारलं, “कुठे?”

मी म्हटलं, “पलासियाला एक जण आहे, चांगलं काम करतो म्हणे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुकान नाही विचारलं. किती आरपीएमला द्यायची, ते विचारलं.”

बाबांची नोकरी पिथमपूरच्या एका इंजिन कारखान्यात, टेस्ट बेडवर गेली. नवं इंजिन सांगाड्यावर बांधायचं, त्याला पाण्याचा ब्रेक जोडायचा, हळूहळू भार वाढवायचा आणि दर पाचशे आरपीएमला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लिहायचा. रोज, वर्षानुवर्षं. आता वयाने कान मंदावलेत, तर ते डॅशबोर्डवर तळहात ठेवून बसतात आणि गाडी ऐकतात. नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, माझ्या कानाला कळायच्या आधी त्यांच्या हाताला कळतं.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७,१२०, की आली अश्वशक्ती. एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, कंपनीच्या कागदावर ८५ अश्वशक्ती. पण ती ६,००० आरपीएमला. म्हणजे तिथे टॉर्क झाला शंभरेक न्यूटन-मीटर. आता तोच टॉर्क ३,०००ला धर, आणि कर गुणाकार.

बेचाळीस.

“पंच्याऐंशी घोडे घेऊन घाटात गेलास,” बाबा म्हणाले, “त्यातले निम्मे महेश्वरलाच बसून होते. आणि हे समुद्रकाठचे घोडे.” इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. हवा पाच-सहा टक्के विरळ, म्हणजे ज्याला टर्बो (हवा आत ढकलणारा पंखा) नाही ते इंजिन तेवढा श्वास कमी घेतं. त्यात पुन्हा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल दहा-पंधरा टक्के आपल्याकडे ठेवून घेतात. मी कागदावर बघत राहिलो. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांना सांगायचा आकडा वेगळा आणि घाटात हाताशी येणारा वेगळा, हे इतक्या वर्षांत मला कधी कुणी असं पोह्यांबरोबर वाढलं नव्हतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. ताकद वाढवायचे माझे हे पहिले प्रयोग नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला होता. लाल रंगाचा, बॉनेट उघडलं की शोभायचा. आवाजही छान, ‘हूऽऽऽ’ असा. मला वाटायचं गाडी पळतेय. प्रत्यक्षात काय होत होतं, तर कंपनीचा डबा समोरून, रेडिएटरच्या बाजूने गार हवा ओढायचा आणि माझा कोन बॉनेटखालची, इंजिनाने तापवलेली. हवा तीन अंश तापली की घनता एक टक्का कमी होते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस आणि बॉनेटखाली साठच्या वर, म्हणजे समुद्र सोडून इंदूरला येताना जेवढं गमावलं तेवढंच पुन्हा एकदा, आणि तेही पैसे मोजून. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. बुलेटचे सायलेन्सर कापणारी पोरंही याच भ्रमात असतात, आणि त्यांना निदान वयाची सबब आहे.

दुसरा प्रयोग टायरचा. तेरा इंची चाकावर १७५/७०चे टायर होते, मी चौदा इंची रिम आणि १८५/६५ घातले. गाडी उंच दिसायला लागली. त्या टायरचा व्यास ५७५ मिलिमीटरवरून ५९६वर गेला, साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त. याचा अर्थ प्रत्येक गिअर तेवढ्याने लांब झाला, चढावर तेवढा मंद. वर स्पीडोमीटर कमी दाखवायला लागला. म्हणजे मी हळू चाललोय असं वाटून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो आणि चढ आला की गाडी माझ्यावर रुसायची.

बाबा हे सगळं ऐकून फक्त म्हणाले, “बरं.”

आता पुढचं. काय काय करता येतं, याची यादी माझ्याकडे तयार होती आणि तिच्यात पहिलं नाव कॅमशाफ्टचं होतं. कॅम म्हणजे इंजिनाच्या श्वासाचं वेळापत्रक: व्हॉल्व्ह किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे. ‘गरम’ कॅम घातला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. वरच्या आरपीएमला, जिथे हवा जोरात धावत असते आणि वेळ कमी असतो, तिथे याचा फायदा. पण खाली, दोन-अडीच हजारांना, हवेला वेग नसतो. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेली हवा उलट्या वाटेने बाहेर ढकलतो. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात आणि जळका धूर ताज्या हवेत मिसळतो. शर्यतीच्या गाड्या उभ्या असताना लंगड्या घोड्यासारख्या खुडबुडतात, त्याचं मुख्य कारण हे. त्या सिग्नलवर जगायला बनलेल्या नसतात. पिथमपूरला २०२१पासून ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, मोठा लंबगोल, तिथे पाय पूर्ण दाबून तासभर सहा हजारांवर राहायचं असतं तर मी कॅमच घेतला असता. मला हवं होतं अडीच ते साडेतीन हजारांच्या मधलं. गरम कॅम तिथूनच काढून वर देतो. यादीतून पहिलं नाव गेलं.

एक्झॉस्टचा हेडर, म्हणजे धुराचे चार पाइप आधी दोन आणि मग एक करणारी जोडणी, मधल्या आरपीएमला थोडं देतो. थोडंच. त्यासाठी खर्च मला पटला नाही.

ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, रीमॅपचं (त्यातले आकडे बदलायचं) प्रकरण मित्रामुळे डोक्यात होतं. त्याची गाडी टर्बो पेट्रोल, लॅपटॉप लावून तासाभरात पाव हिश्श्याने टॉर्क वाढवून आला आणि आठवडाभर त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. टर्बोच्या गाडीत हे जमतं, कारण संगणकाला सांगायचं असतं, दाब थोडा वाढव. हवा जास्त येते, पेट्रोल जास्त जातं, काम झालं. माझ्या इंजिनात हवा ढकलणारं कुणी नाही. बाहेर जेवढी आहे तेवढीच, आणि ती इंदूरची. रीमॅप करून पाच टक्के मिळाले तरी नशीब. बाबांनी मात्र मित्राला वेगळंच विचारलं, “गिअरबॉक्स किती पेलतो?” त्याचा होता सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), बनवणाऱ्यांनीच २५० न्यूटन-मीटरची हद्द घालून दिलेला. मित्राला आपलं इंजिन आता किती देतं हे तोंडपाठ होतं, पण गिअरबॉक्सची हद्द कुणी त्याला सांगितली नव्हती आणि त्यानेही विचारली नव्हती. सगळेच इंजिन विचारतात. हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घातलं तेव्हा जुना चार गिअरचा डबा काढून पाच गिअरचा दिला, हे बाबांचं आवडतं उदाहरण. “घरात मोठी मोटर बसवली आणि वायर जुनीच ठेवली, तर वायर जळते. मोटरला काही होत नाही.”

इंजिनच बदलायचं? बलेनोचं जुनं १५९० सीसीचं इंजिन एस्टीममध्ये बसवणारे आहेत, मलाही एकाने ‘बसवून देतो’ म्हटलं. पण मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे: नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठाम सांगितलं. एकेका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही. इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही पुस्तकात छापलेले असतात. शिवाय बावीस वर्षांच्या गाडीची नोंदणी मी दोनदा नूतनीकरण करून आणलेली, आरटीओच्या त्या फेऱ्या आठवल्या की तिथे पुन्हा स्वतःहून तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

मग उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक, रॅलीच्या एस्टीम आणि जिप्सींवर हात घासलेला माणूस. मी सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “भिया, पहले कंप्रेशन तो देख लें।”

कंप्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरात हवा किती दाबतो ते. चारही स्पार्क प्लग काढले, एकेका भोकात गेज लावला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मी स्टार्टर मारत राहिलो. पहिला १७५ पीएसआय. दुसरा १७०. तिसरा १३५. चौथा १७२. उस्ताद काही बोलले नाहीत. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. याला ‘ओली’ चाचणी म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांची फट तात्पुरती भरतं आणि आकडा टुणकन वर जातो. आला १३८. म्हणजे रिंगा ठीक, व्हॉल्व्ह गळतोय. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून नखाएवढी खाल्लेली.

म्हणजे मी सव्वातीन सिलिंडरवर चालणाऱ्या गाडीला ताकदीचं टॉनिक शोधत हिंडत होतो.

बाबांना फोन केला. “तिसरा ना?” ते म्हणाले. त्यांना माहीत होतं. घाटातच माहीत होतं, तळहाताला. “मग सांगितलं का नाही?” यावर त्यांचं उत्तर असं, की तू विचारलंस ताकद कशी द्यायची, गेलेली कुठे गेली हे विचारलं नाहीस. कारखान्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाशी बोलताना प्रश्न नीट मांडावा लागतो.

हेड खाली होतंच, तर मोह झाला. हेड थोडं छाटून कंप्रेशन वाढवावं का? उस्ताद तयार होते. बाबा रिक्षाने वर्कशॉपवर आले, स्टूलवर बसले आणि पेट्रोलवर बोलायला लागले. आता पंपावर मिळतं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ऑक्टेनच्या बाजूने ते वाईट नाही. पण शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला हे मिश्रण जास्त मोजून द्यायला हवं. साध्या चालीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चुगली करतो आणि २००४चा ईसीयू बिचारा सावरून घेतो. पाय पूर्ण दाबला की मात्र तो सेन्सरचं ऐकत नाही, आपल्या जुन्या पाठांतरावर जातो, जे शुद्ध पेट्रोलच्या काळातलं आहे. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि इंजिन गरम. “आणि पाय पूर्ण कुठे दाबतोस?” बाबांनी विचारलं. घाटात. “तिथेच तुझा व्हॉल्व्ह जळाला. आता तिथेच कंप्रेशन वाढव.”

हेड छाटलं नाही. नवे व्हॉल्व्ह घासून बसवले, नवं गॅस्केट, नवा टायमिंग बेल्ट, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा माळ्यावरून काढून परत लावला, तेरा इंची रिम परत घातले. लाल कोन फिल्टर बायकोने मागितला. त्यात ती आता ब्रश ठेवते.

एवढ्यावर थांबता आलं असतं. सुज्ञ माणूस थांबला असता. पण मला काहीतरी *करायचं* होतं, त्या हात हलवणाऱ्या पोरासाठी असेल, आणि गंमत म्हणजे बाबांनाही करायचं होतं. टेस्ट बेडवर त्यांनी आयुष्यभर इंजिनं मोजली, पण बदलायची परवानगी कधी नव्हती. वर्कशॉपमधून निघताना त्यांनीच उस्तादांना विचारलं, “फायनल ड्राइव्ह का कुछ पड़ा है क्या?”

पडलं होतं. कुठल्याशा रॅलीच्या गाडीतून निघालेली जोडी, फडक्यात गुंडाळून, ग्रीस फासून फळीवर ठेवलेली. गिअरबॉक्समधून बाहेर पडलेली फिरकी चाकाला द्यायच्या आधी शेवटची एकदा कमी होते, ती इथे. पाचही गिअरला एकदम लागू. हिशेबाला सोपं म्हणून धरा, जुनं गुणोत्तर ४, नवं ४.४. चौथा गिअर सरळ एकास एक, चाकाचा घेर १.८ मीटर. ३,००० आरपीएमला चाक फिरतं मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे गाडी ८१च्या वेगाने. नव्या जोडीने त्याच आरपीएमला ७४च. सात किलोमीटर गेले. त्या बदल्यात चाकावर पोचणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला, दहा टक्क्यांनी जास्त. इंजिनातून एकही जास्तीचा घोडा न मागता. बाबा म्हणाले, “पहार लांब केली की दगड हलतो. फक्त हात जास्त फिरवावा लागतो.”

दुसऱ्या आणि तिसऱ्यातली दरी याने बुजत नाही, हेही त्यांनी बजावलं. काटा साडेचारवरून तीनवरच पडणार. ती दरी बुजवायची तर जवळच्या दातांचे आतले गिअरच बदलावे लागतात, आणि त्यांची किंमत ऐकून उस्ताद आणि मी दोघेही हसलो होतो. पण तिसरा स्वतःच आखूड होईल, पडल्यावर तग धरेल.

कामाला चार दिवस लागले. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी घेतली, गिअरच्या दांड्याचे खिळखिळे झालेले बुश बदलले. (एवढ्याशा रबराच्या तुकड्यांनी गिअर पडताना जो फरक पडला, तो फिल्टर आणि टायर मिळून पडला नव्हता.) खरा वेळ गेला डिफरन्शियलच्या शिममध्ये. बेअरिंगवर ताण किती हे पातळ चकत्यांनी ठरतं. कमी झाला तर दात आवाज करतात, जास्त झाला तर बेअरिंग तापतं. उस्ताद चकती घालायचे, हाताने फिरवून बघायचे, काढायचे, दुसरी घालायचे. दुसऱ्या दिवसापासून बाबा डबा घेऊन जायला लागले. मी संध्याकाळी ऑफिसमधून गेलो की दोघं गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना बसलेले, मधे चहाचे ग्लास, आणि कुणी काही बोलत नाहीये. चौथ्या दिवशी उस्तादांनी बाबांचा हात धरून डब्यावर ठेवला आणि गिअर फिरवला. बाबांनी डोळे मिटले. “एक और,” ते म्हणाले. उस्तादांनी आणखी एक चकती घातली.

आत्याला सोडायला पुन्हा महेश्वर. येताना आत्या नव्हती, पण मिरचीचं पोतं होतं, पाण्याचे कॅन होते, बाबा होते. जाम घाटाच्या पहिल्या वळणाला दुसरा, मग तिसरा. काटा तीनवर पडला आणि तिथे थांबला. दोन वळणं, तीन वळणं. एका जागी मी सवयीने हात दांड्याकडे नेला, बाबांनी नुसती मान हलवली, आणि गाडी तिसऱ्यातच निघाली. फार जोरात नाही. मागून आलेल्या एका एसयूव्हीने आम्हाला ओलांडलंच. दरवाज्यापाशी गाडी थांबवून भुट्टे खाल्ले, आत्याला फोन लावला आणि बाबांनी तिला मोठ्या आवाजात, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून, सांगितलं, “नाही रडली!”

महू मागे टाकलं, मोठा रस्ता लागला, मी शंभरवर गेलो. पूर्वी इथे काटा २,८००वर असायचा. आता ३,१००. गाडीत एक घूं भरून राहिलेली, सतत, पंख्याच्या घरघरीसारखी. रेडिओचा आवाज वाढवला, मग आणखी वाढवला.

“अहो,” बायको म्हणाली, “पाचवा टाका ना.”

“पाचवाच आहे.”